पुस्तकाचे नाव आणि पडद्यावरचे नाव

काही दिवसांपूर्वी आम्ही एका जुन्या वाचनालयात नारायण हरी आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी मागायला गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी पुस्तकाचे नाव दोनदा विचारून घेतले, यादी चाळली, कपाळाला आठी घातली आणि असे पुस्तक आपल्याकडे दिसत नाही म्हणून सांगितले. 'अहो, जिच्यावरून ‘कुंकू’ निघाला ती', असे म्हणताच मात्र त्यांचा चेहरा एकदम खुलला. यादी मिटून त्यांनी बाजूला ठेवली, आम्हांस खुर्ची दिली, आणि शांता आपटे, केशवराव दाते, भिंतीवरचे ते घड्याळ यांविषयी ते चांगला पाऊण तास बोलत राहिले. चहाही झाला. पुस्तक काही मिळाले नाही.

घरी परतताना आमच्या मनात जे आले तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. आम्ही काही चित्रपटकलेचे पंडित नव्हेत. पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाला रांगेत उभे राहणाऱ्या शौकिनांपैकी आहोत. एखाद्या आवडत्या पुस्तकावर चित्रपट येणार अशी बातमी आली की आनंद आणि धास्ती या दोन्ही गोष्टी आमच्या पोटात एकाच वेळी उठतात. आपल्या पुस्तकाचे हे लोक काय करतील? ही धास्ती बाळगणाऱ्यांची संख्या या सभेतही थोडी नसावी. पण पुस्तकाची मोडतोड होते की नाही, एवढ्यापुरताच हा प्रश्न नाही. चित्रपट उत्तम उतरला तर पुस्तकाचे काय होते, हा प्रश्न आम्हांला अधिक अवघड वाटतो. 'कुंकू' वाईट निघाला असता तर 'न पटणारी गोष्ट' कदाचित त्या वाचनालयाच्या यादीत सापडली असती!

आरंभी हा प्रश्न नव्हताच. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, 3 मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आला, तेव्हा पडद्यावर पुढे काय होणार हे प्रेक्षकांतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. हरिश्चंद्र वनात जाणार, तारामती विकली जाणार, स्मशानात भेट होणार. तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलेले. तरी कोणाची तक्रार नव्हती. माहीत असलेली गोष्ट डोळ्यांनी पाहायची, एवढाच तर तो सोहळा. आपला चित्रपट जन्मला तोच मुळी रूपांतर म्हणून, असे म्हटले तरी चालेल. फरक इतकाच की पुराणकथेचा मालक कोणी नसतो. व्यासांचे नाव वगळले म्हणून व्यासांचे काही बिघडत नाही.

मालक असलेली गोष्ट पडद्यावर गेली ती पुढे दहा वर्षांनी. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी नावारूपास आली होती. 1923 साली त्यांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्याचा आधार हरी नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी. हरिभाऊ 1919 मध्येच निवर्तले होते, म्हणजे आपल्या तानाजीला पडद्यावर चढताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. या मूकपटात शेलारमामाचे काम करणारा तरुण होता व्ही. शांताराम, आणि पुढच्या हकीकतीत हाच माणूस पुन्हा पुन्हा भेटणार आहे. आमचे लक्ष वेधून घेतले ते नावातल्या बदलाने. 'गड आला पण सिंह गेला' हे एक सबंध वाक्य आहे. त्यात येणे आहे, जाणे आहे, मध्ये एक 'पण' आहे, आणि साऱ्या कादंबरीचे दुःख त्या 'पण'मध्ये साठवलेले आहे. 'सिंहगड' म्हणजे नुसता डोंगर, समोर उभा, डोळ्यांना दिसणारा. पेंटरांनी वाक्य काढून टाकले आणि वस्तू ठेवली.

या एका उदाहरणावरून सिद्धांत बांधावा असे आम्हांला वाटले नव्हते. पण मग दुसरे आपटे आठवले. (ह. ना. आणि ना. ह. या दोन आपट्यांनी मराठी वाचकाला जेवढे आनंद दिले तेवढेच घोटाळेही दिले आहेत. पहिले हरी नारायण, दुसरे नारायण हरी. आद्याक्षरांची उलटापालट झाली की एकाची कादंबरी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.) प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आल्यावर तिने 1934 साली जो पहिला बोलपट काढला त्याची कथा ना. ह. आपट्यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवरून घेतली होती. बोलपटाचे नाव झाले 'अमृतमंथन'. आणि 1937 साली 'न पटणारी गोष्ट'चे झाले 'कुंकू'.

येथे थोडे थांबायला हवे, कारण मराठी रूपांतराच्या इतिहासात 'कुंकू'च्या तोलाचे उदाहरण क्वचितच सापडेल. विषय नवा नव्हता. म्हाताऱ्या नवरदेवाला कोवळी मुलगी देण्याचा अनाचार देवलांनी 1899 साली 'शारदे'त रंगभूमीवर आणला होता आणि सारा महाराष्ट्र त्यावर हळहळला होता. 1929 साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. आपल्याकडे मात्र 'शारदा कायदा' म्हणताना देवलांची शारदाच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असेल. पण 'शारदे'त ते लग्न लागता लागता मोडते. वधूवर सगोत्र आहेत असे ऐन वेळी निघते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. 'कुंकवा'त ही सोय नाही. येथे लग्न होऊन जाते आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. नीरा फसवली गेली आहे. पण ती रडत बसत नाही. या माणसाशी लग्न लागले असेल, मी त्याची बायको होणार नाही, असा तिचा बाणा. आणि काकासाहेब हा भुजंगनाथासारखा हास्यास्पद थेरडा नव्हे. तो वकील आहे, सुशिक्षित आहे, घरात त्याची विधवा आणि समाजकार्य करणारी मुलगी आहे. मनातून आपली चूक जाणणारा आणि तरीही आरशापुढे उभा राहून तरुण दिसू पाहणारा तो माणूस आहे. केशवराव दात्यांनी त्याची कीव यावी असे काम केले आहे. त्या मुलीच्या भूमिकेत शकुंतलाबाई परांजपे आहेत. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने पुढे संततिनियमनाच्या कार्यात आयुष्य घातले, हे ठाऊक असले की त्यांचे पडद्यावरचे बोलणे निराळेच ऐकू येते.

आणि या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. त्या काळात ही केवढी धिटाई! घरात जे वाजेल तेवढेच ऐकू यायचे: दाराची कडी, पावले, भांडी, ग्रामोफोन. नीरा गाते तेव्हासुद्धा कोठून तरी अदृश्य वाद्यवृंद उगवत नाही. लाँगफेलोची इंग्रजी कविता ती म्हणते तीही त्या घरातली होऊन जाते. त्या शांततेत भिंतीवरचे जुने घड्याळ टिकटिकते. काकासाहेबांचे वय सांगायला दुसरा निवेदक लागत नाही. पुस्तकात हे होऊ शकत नाही. लेखक 'घड्याळ टिकटिकत होते' असे एकदा लिहील, दोनदा लिहील, तिसऱ्यांदा वाचक पान उलटेल. चित्रपटात ते सदोदित वाजू शकते आणि नको तेव्हा आठवू शकते. शेवटी काकासाहेब स्वतःचा अंत करून घेतो आणि नीरेने योग्य माणसाशी पुन्हा लग्न करावे असे लिहून ठेवतो. हा शेवट आम्हांला आजही पुरता पटत नाही. मरण हे लेखकाच्या हातचे फार सोपे हत्यार आहे. काकासाहेबाने जगून नीरेला मोकळी केली असती तर ते अधिक अवघड आणि अधिक मोठे झाले असते. पण न पटणे हे तर त्या गोष्टीच्या मूळ नावातच होते!

आता नावाकडे येऊ. 'न पटणारी गोष्ट' हे नाव ऐकायचे आहे. त्यात लेखक वाचकाशी बोलतो, जरा डिवचतो. 'कुंकू' हे नाव पाहायचे आहे. कपाळावरचा तेवढा एक ठिपका, पण सारे भांडण त्याच्यावरच. शांतारामांनी काय केले तर मताच्या जागी वस्तू आणली. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या गुरूंनी वाक्याच्या जागी डोंगर आणला होता तसे. येथे एक अडचण मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. याच बोलपटाची हिंदी आवृत्ती त्याच साली निघाली आणि तिचे नाव 'दुनिया न माने'. म्हणजे हिंदीत मूळ पुस्तकाचा अर्थ बराचसा राहिला आणि मराठीतच तो गेला. याचे कारण आमच्या तर्काप्रमाणे असे की मराठी घरात 'कुंकू' या दोन अक्षरांना जे वजन आहे ते एका शब्दात हिंदीत नेता आले नसते. पण हा केवळ तर्क.

हेच मोजमाप घेऊन आम्ही पुढचे चित्रपट आठवू लागलो. 1982 साली जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. स्मिता पाटलांनी उभी केलेली सुलभा, तिचे महिलाश्रमातले काम, सासरचे घर सुटणे, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. पटकथा तेंडुलकरांची. पण ती मूळ कथा कोणाची? शांता निसळ यांची. कादंबरीचे नाव 'बेघर'. 'बेघर' ही शेवटची स्थिती झाली, तिचा फोटो काढता येत नाही. 'उंबरठा' ओलांडताना दाखवता येतो. चित्रपटासाठी नाव बदलणे योग्यच होते, आम्ही त्या जागी असतो तर आम्हीही बदलले असते. पण शांता निसळांचे नाव घेतल्यावर किती माना हलतात ते या सभेतच पाहावे.

ज्या पुस्तकांची नावे मुळातच डोळ्यांची होती ती मात्र तशीच पडद्यावर गेली. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची; अमोल पालेकरांचा चित्रपट 1995 चा; मध्ये चाळीस वर्षे गेली, नाव तेच. मिलिंद बोकिलांची 'शाळा' 2012 मध्ये पडद्यावर आली ती 'शाळा' म्हणूनच. अरुण साधूंच्या बाबतीत तर निवडच करावी लागली. 1979 च्या 'सिंहासन'मागे त्यांच्या दोन कादंबऱ्या आहेत, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. तेंडुलकरांनी त्या दोहोंची वीण घातली. 'मुंबई दिनांक' हे वर्तमानपत्राच्या बातमीच्या डोक्यावरचे शब्द. वाचणाऱ्याला त्यांत सारे शहर दिसते, पण पडद्याला ते पकडता येत नाहीत. 'सिंहासन' पकडता येते. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री त्यावर बसला आहे, श्रीराम लागूंचे विश्वासराव त्याकडे पाहत आहेत, आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस या दोघांकडे पाहत आहे. एका लेखकाच्या दोन मुलांपैकी एकाचे नाव झाले. दुसऱ्याचे पुस्तक वाचकांनी टाकले नाही हे खरे. तथापि 'सिंहासन कादंबरीवरचा चित्रपट' असे एकवचनी बोलणे आपण सर्रास ऐकतो.

अपवाद आहेत. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' 1977 साली पडद्यावर गेली तेव्हा नाव बदलले नाही, आणि ते काही वस्तूचे नाव नव्हे. पण ती आरोळी आहे. ठाकरांच्या ढोलाबरोबर ती ऐकायची असते, आणि महानोरांची गाणी व हृदयनाथांचे संगीत घेऊन आलेल्या चित्रपटाला ती सोडून कसे चालेल? उलट बाजूचाही अपवाद पाहा. 'सिंहगड' नाव पडल्याने 'गड आला पण सिंह गेला' बुडाली नाही. ते वाक्य शिवरायांच्या तोंडी घालून आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. मूकपटाची मात्र आज केवळ कीर्तीच ऐकायची. तेव्हा आमचे म्हणणे नियम म्हणून घेऊ नये. पण नाव गेले की पुस्तकाचा पत्ता हरवण्याची भीती वाढते, एवढे आम्ही ठामपणे म्हणू.

आगामी चित्रपटाची वाट पाहण्याबद्दल थोडे. पूर्वी वर्तमानपत्रात 'लवकरच' असा शब्द आणि खाली एक चेहरा, इतकेच हाती लागे. पुढे थिएटरच्या दारात गाण्यांचे पातळसे पुस्तक विकत मिळे. आता ट्रेलर हातातल्या मोबाइलवर येतो. माध्यम कोणतेही असो, बातमी आणि पहिला खेळ यांच्या मधल्या काळात प्रत्येक वाचकाच्या डोक्यात स्वतःचा असा एक चित्रपट चालू असतो, आणि आमच्या मते पुष्कळदा तोच सर्वांत चांगला असतो. 'नटसम्राट'वर चित्रपट येणार आणि आप्पासाहेब बेलवलकर नाना पाटेकर होणार असे कळले तेव्हा आमच्या मित्रमंडळीत जो वाद झाला तो घरोघर झाला असेल. ज्यांनी डॉ. लागूंना पाहिले होते त्यांनी आधीच निकाल दिला होता. नाटक 1970 चे, चित्रपट 1 जानेवारी 2016 चा. आम्ही पहिल्याच आठवड्यात गेलो, निकाल देण्याच्या तयारीने. आणि आम्हांला जिंकले ते नाटकात नसलेल्या माणसाने: विक्रम गोखल्यांनी केलेल्या त्या म्हाताऱ्या नटमित्राने. रंगभूमीवर बेलवलकर आपले मन प्रेक्षकांजवळ मोकळे करू शकतो. पडद्यावरच्या माणसाला ऐकणारा कोणी तरी समोर हवा. ती गरज ओळखून मित्र जन्माला घातला, म्हणून तो उपरा वाटला नाही.

शेवटी 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढले. श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. गुरुजी 1950 साली गेले आणि 1953 साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. आईच्या कामाला वनमाला. याच वनमालेला लोकांनी 1941 मध्ये सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये इराणी सुंदरी म्हणून पाहिले होते! ती कोकणातल्या गरीब ब्राह्मणाची बायको होणार, हे ऐकून लोकांनी भुवया चढवल्या असतील तर नवल नाही. ती झाली, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले, त्याच वर्षी 'दो बिघा जमीन' स्पर्धेत असताना.

पुस्तकात 'अळणी भाजी'ची एक रात्र आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात. मागाहून आई पानावर बसते तेव्हा तिला कळते. आम्ही लहानपणी हे वाचले तेव्हा वडिलांचा चेहरा आम्ही स्वतः बनवला होता, आणि तो आमच्याच वडिलांचा होता. चित्रपट एवढे मात्र करू शकत नाही. तो सर्वांना एकच चेहरा देतो. 1953 चे प्रेक्षक प्रत्येकी आपापली आई घेऊन थिएटरात शिरले आणि पुष्कळजण वनमाला घेऊन बाहेर आले.

म्हणून 2023 च्या नोव्हेंबरात सुजय डहाके यांची 'श्यामची आई' आली तेव्हा प्रश्न दुहेरी होता. हेच ते 'शाळा'वाले दिग्दर्शक. त्यांना नुसते पुस्तक रूपांतरित करायचे नव्हते, सत्तर वर्षांची आठवणही करायची होती. त्यांनी चित्रपट कृष्णधवल ठेवला. हे जुन्यापुढे वाकणे आहे की जुन्याशी सामना, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नव्या चित्रपटात ओम भुतकर यांचे साने गुरुजी स्वतः उभे आहेत, स्वातंत्र्यलढ्यातले, तुरुंगातले. म्हणजे गोष्ट सांगणाराही गोष्टीत आला. आम्हांला हे आवडले. पुस्तक लिहिणारा हात पडद्यावर दिसावा, हे आपल्याकडे किती थोड्या वेळा घडले आहे.

त्या वाचनालयात आम्ही परवा पुन्हा गेलो. गृहस्थांनी ओळख ठेवली होती. 'हवी असलेली पुस्तके' अशी एक वही ते ठेवतात. तीत त्यांनी आमच्या देखत 'न पटणारी गोष्ट' लिहिले, शेजारी कंसात 'कुंकू' असे घातले, आणि लेखकाच्या रकान्याशी लेखणी अडवून आम्हांला विचारले, 'आपटेच ना? पण ह. ना. की ना. ह.?'